वगळायच्या यादीतली चौथी ओळ

फोल्डर गेल्याचं कळलं तो गुरुवार होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. काकांनी बिल्डच्या मशीनवर 'कच्चा' नावाचा फोल्डर उघडायला घेतला, आणि मशीनने सांगितलं, असं काही इथे नाही. काकांना वाटलं, आपलं टाइप करताना चुकलं. परत टाइप केलं. मग चष्मा पुसून परत टाइप केलं. चष्मा पुसून काय होणार होतं? नाही म्हणजे नाही.

आदल्या संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. ती दुसऱ्या गावी असते. म्हणाली, "बाबा, आईचं ते सातशे सत्त्याहत्तर आहे ना तुमच्याकडे? पाठवा ना. मला तिचं हसणं आठवेनासं झालंय. चेहरा येतो समोर, पण आवाज येत नाही."

"आहे की. जातंय कुठे?" काका म्हणाले होते. "उद्या पाठवतो."

बायको गेल्यापासून चौदा महिने काका त्या फोल्डरला 'उद्या' म्हणत आले होते.

काकांची कंपनी छोटी, तेरा माणसांची. कचेरीत नाहीतर दवाखान्यात आपण नंबराची चिठ्ठी घेऊन बसतो आणि वरून आवाज येतो, 'एकशे चौदा, खिडकी तीन', ते सॉफ्टवेअर ही कंपनी करते. सुरुवातीला त्यात मशीनचा आवाज होता. तो ऐकून माणसं उठायचीच नाहीत. तेव्हा काकांनी घरचा आवाज आणला. त्यांची बायको लहान मुलांची शिक्षिका. नंबर म्हणायचा तर तिनेच. शेवटच्या बाकावरच्याला कळेल असं आणि पहिल्या बाकावरचा दचकणार नाही असं. झोपायच्या खोलीत पडदे ओढून, इस्त्रीच्या टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप ठेवून तिने एक ते नऊशे नव्याण्णव म्हटले. आधी पाचशेपर्यंत, मग पुढच्या वर्षी बाकीचे.

नंबर तेवढे कापून सॉफ्टवेअरमध्ये गेले. कापण्याआधीचं सगळं 'कच्चा' फोल्डरमध्ये राहिलं. दोन नंबरांच्या मधलं तिचं खोकणं, पाणी पिणं, काकांना ओरडणं. आणि सातशे सत्त्याहत्तरला जीभ अडकली तेव्हाचं हसणं. चार वेळा अडकली, आणि पाचव्या वेळी दोघी मायलेकी इतक्या हसल्या की त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं. मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. सहा महिन्यांत सगळं आटोपलं.

नंबर अजून गावोगाव वाजत होते. काकांना त्यांचं फारसं काही वाटत नसे. ते तिने सगळ्यांना वाटून टाकले होते. मधलं बोलणं तेवढं घरचं होतं.

काका उठून केरसुणीच्या टेबलाशी गेले. केरसुणी म्हणजे कंपनीतली सगळ्यांत कामसू पोरगी. जिथे जाईल तिथलं जुनंपानं झाडून काढते, म्हणून हे नाव पडलेलं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"बिल्डच्या मशीनवरचा 'कच्चा' कुठे हलवलास?"

"हलवला नाही काका. काढला."

"काढला म्हणजे?"

"म्हणजे डिलीट. तीन आठवडे झाले." तिने मान वर केली. "तुमच्याच यादीत होता की. चौथी ओळ."

ती यादी काय, हे सांगायला हवं.

सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे पाठवायचं तर ते त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका पेटीत बंद करतात. त्या पेटीला इमेज म्हणतात, आणि ती भरण्याला बिल्ड. पेटी भरताना मशीनची एक खोड असते. तुम्हाला फोल्डरमधल्या दोनच वस्तू हव्या असल्या तरी ते आधी अख्खा फोल्डर उचलून पेटी भरणाऱ्यापुढे नेऊन ठेवतं. काकांनी हे एकदा बायकोला समजावलं होतं. ती म्हणाली होती, "म्हणजे तुमच्यासारखंच. दोन शर्ट न्यायचे तर अख्खं कपाट पाठीवर घेऊन स्टेशनवर जायचं, आणि तिथे ठरवायचं कुठले दोन." त्यावर उपाय एकच, एक यादी लिहून ठेवायची. यादीतल्या वस्तू उचलायच्याच नाहीत, त्या वगळून बाकीच्या न्यायच्या. काका ती यादी लिहायला तीन वर्षं टाळाटाळ करत होते. प्रत्येक बिल्डला चाळीस मिनिटं लागत. पोरं चहा पिऊन यायची, परत जाऊन प्यायची. "काका, कपाट निघालं का स्टेशनवरून?" असं विचारायची. शेवटी चार महिन्यांपूर्वी कंपनीच्या मालकीणबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या, आणि काकांनी आपल्या हाताने सात ओळींची यादी लिहिली. चौथी ओळ 'कच्चा'. बिल्ड चाळीस मिनिटांवरून तीन मिनिटांवर आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं बाई," काका म्हणाले, "यादीत आहे म्हणजे पेटीत घालू नका. फेकून द्या असं कुठे लिहिलंय?"

"पण पेटीत जायचं नाही, बिल्डला लागत नाही, मग बिल्डच्या मशीनवर ते करतंय काय? डिस्क ब्याण्णव टक्के भरली होती, काका! मी स्क्रिप्ट लिहिली. दर बुधवारी यादी वाचायची आणि त्यातलं जे सापडेल ते उडवायचं. तुम्हाला मेल केला होता. तुम्ही 'उत्तम' असं उत्तर दिलंत."

काकांनी मेल काढून पाहिला. 'उत्तम' असं लिहिलं होतं. खाली त्यांचंच नाव होतं.

"बॅकअप?"

केरसुणीने ओठ चावला. "बॅकअपलाही तीच यादी लावली. म्हटलं, एकाच ठिकाणी सांभाळायची, दोन-दोन याद्या कशाला."

"शाब्बास. झाडलंस ते झाडलंस, वर कोपरेसुद्धा पुसलेस."

"काय होतं त्यात काका? नंबर तर सगळे आहेत. मी तपासले होते आधी. नऊशे नव्याण्णव, एकही कमी नाही."

काका आपल्या टेबलाकडे वळले. बाजूच्या टेबलावरच्याने तिच्या कानाशी लागून सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती उठून उभी राहिली, आणि उभं राहून काय करायचं हे न कळल्यामुळे परत बसली.

त्या डिस्कवर तीन आठवडे रोज वीस-वीस बिल्डं लिहिली गेली होती. मिटवलेलं परत आणायची आशा नव्हती. रेकॉर्डिंग झालेला लॅपटॉप कधीच पुसून दुसऱ्याला दिला होता. जुन्या इमेजेस ठेवतात त्या मशीनवर काका गेले, तर तिथेही तीन महिन्यांपलीकडचं काही नव्हतं. हा नियम कोणाचा? काकांचा. 'जुन्या लठ्ठ इमेजेस सांभाळून काय लोणचं घालायचंय?' असं मीटिंगमध्ये विचारणारे तेच. सगळीकडून हात फिरवून बोट शेवटी आपल्याच छातीवर येत होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता. परक्याने केलं असतं तर निदान धड भांडता तरी आलं असतं.

दुपारी केरसुणी येऊन उभी राहिली. हातात कागद.

"काका, एक ठिकाण आहे."

"कुठलं?"

"ती नोंदणी कचेरी. पाच खिडक्यांची. त्यांनी तीन वर्षांत एकदाही अपडेट घेतलेलं नाही. त्यांच्याकडे अजून पहिली आवृत्ती चालू आहे."

काकांनी कपाळाला हात लावला. त्या कचेरीने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. दर दोन महिन्यांनी काका पत्र लिहायचे, अपडेट घ्या. दर वेळी एका ओळीचं उत्तर यायचं, 'सध्या नको.' शेवटच्या पत्रात काकांनी जरा कडक शब्द वापरले होते. 'आपल्या हट्टामुळे' असे.

पहिली आवृत्ती त्या काळातली, जेव्हा अख्खं कपाट पेटीत जात होतं.

दुसऱ्या दिवशी काका बसने त्या कचेरीत गेले. हॉलमध्ये पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीला पाठीच्या उंचीवर तेलकट पट्टा, आणि माणसं. तीन नंबरच्या खिडकीमागे जाड काचांच्या चष्म्याची बाई बसली होती. काका सरळ खिडकीशी गेले.

"चिठ्ठी घ्या," बाई वर न बघता म्हणाल्या.

"मी कामासाठी नाही आलो. म्हणजे कामासाठीच आलोय, पण—"

"सगळे कामासाठीच येतात. चिठ्ठी घ्या."

आपणच बनवलेल्या मशीनची चिठ्ठी घेऊन काका बसले. एकशे एकसष्ट. बत्तीस नंबर पुढे होते. प्रत्येक नंबराला बायको बोलत होती. एकशे तीस, खिडकी एक. एकशे एकतीस, खिडकी चार. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमचा कितवा?" काकांनी चिठ्ठी दाखवली. "मग झोपा थोडं," म्हातारा म्हणाला. "ही बाई उठवते बरोबर."

सव्वा तासाने ती म्हणाली, "एकशे एकसष्ट, खिडकी तीन."

ती आपल्यालाच बोलावत नाहीये, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. तरी ते झटकन उठले.

"मी सॉफ्टवेअरच्या कंपनीतून आलोय," खिडकीशी ते म्हणाले. "तुमच्या टेबलाखाली जे मशीन आहे, त्यातली एक वस्तू मला कॉपी करून न्यायचीय."

बाईंनी आता वर पाहिलं. "पत्रं लिहिणारे तुम्हीच ना? 'आपल्या हट्टामुळे'?"

"मीच."

"तीन वर्षांपूर्वी एकदा आम्ही हट्ट सोडला होता. तुमचं अपडेट डाउनलोड व्हायला लागलं, ते साडेपाच तास होतच राहिलं आणि मग बंद पडलं. दिवसभर मी या खिडकीतून ओरडून नंबर पुकारले. आठवडाभर घसा बसला होता. एवढं काय भरता हो त्यात?"

"तेच न्यायला आलोय," काका म्हणाले.

"हात लावायचा नाही मशीनला. तुम्ही जाल निघून, निस्तरायचं आम्ही."

मागच्या माणसाने घसा खाकरला. काकांचा धीर सुटला. इतक्या वर्षांत कंपनीत कोणी ऐकला नव्हता असा त्यांचा आवाज चढला. "अहो, त्यात माझी बायको आहे!"

"म्हणजे आवाज," काका खाली बघत म्हणाले. "नंबर म्हणते ती. माझी बायको. ती गेली. नंबर आहेत सगळीकडे, पण नंबर म्हणताना मधे ती जे बोलली ते आमच्याकडून पुसलं गेलं. एवढ्या एका मशीनवर असेल तर असेल."

बाईंनी चष्मा काढला. "ती? अहो, तिला आम्ही सहावी म्हणतो. पाच खिडक्यांत आम्ही पाच जणी, आणि ही सहावी. एकटीच अशी की कधी रजा घेत नाही." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी चष्मा परत लावला. "एक वाजता जेवणाची सुट्टी असते. अर्धा तास. दीडला नंबर सुरू झाले नाहीत तर माझ्याशी गाठ आहे."

एक वाजता काका टेबलाखाली शिरले. गुडघे कुरकुरले. मशीनवर बोटभर धूळ. त्यांनी नंबर पुकारणं थांबवलं, बाहेरची डिस्क जोडली आणि इमेज कॉपी करायला घातली. पाच जीबी. आकडा हळूहळू सरकू लागला. दहा मिनिटांत तीस टक्के. काका टेबलाखालीच बसून राहिले. आयुष्यभर ज्या लठ्ठपणाला शिव्या घातल्या, तोच आता डुलत डुलत चालला होता, आणि त्याला 'चल' म्हणायचीही सोय नव्हती. बाई खुर्चीत बसून डबा खात होत्या. त्यांनी एक घास टेबलाखाली पुढे केला. काकांनी नको म्हटलं. "घ्या," बाई म्हणाल्या, "तुम्ही उपाशी बसल्याने ते लवकर होणार नाही." काकांनी घेतला.

एक सत्तावीसला ब्याऐंशी टक्के. दीड वाजता एक्क्याण्णव. बाहेर दारावर थापा पडायला लागल्या. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, उठून खिडकीची झडप अर्धी वर केली आणि स्वतःच्या घशाने ओरडल्या, "एकशे अठ्ठ्याण्णव! खिडकी तीन!" मग दोनशेपर्यंत त्यांनीच पुकारलं. दोनशे एक सहावीने पुकारलं.

शनिवारी ऑफिसात सुट्टी होती. काका आणि केरसुणी दोघेच आले. इमेज उघडली. आत सॉफ्टवेअर होतं, कापलेले नंबर होते, तीन वर्षांपूर्वीचा कोणाचा तरी बारशाचा फोटोसुद्धा होता. 'कच्चा' नव्हता.

काकांना आठवलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. पेटी भरायची कृती एका फाइलीत लिहिलेली असते, आणि पहिल्या आवृत्तीच्या कृतीत त्यांनीच शहाणपणाने एक ओळ घातली होती: नंबर कापून झाले की 'कच्चा' पुसून टाका. म्हणजे पेटी हलकी होईल.

"मीच काढलाय," ते म्हणाले. "तुझ्या आधी तीन वर्षं, मीच. चल, कुलूप लाव."

"थांबा ना काका. हलकी झाली होती का पेटी?"

"कुठली! तेच तर. पुसूनही एक एमबी कमी झाली नाही. दोन दिवस डोकं आपटलं होतं मी."

"मग गेलेला नाही," केरसुणी म्हणाली. "गेला असता तर पेटी हलकी झाली असती. तुम्हीच शिकवलंत मला, पहिल्या आठवड्यात. थरावर थर चढतात. वरच्या थरात पुसलं तरी खालच्या थरात वस्तू तशीच असते, नुसती वरून झाकली जाते. मी कृतीत एकदा तसं केलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, अगं, घाण सतरंजीखाली ढकलली म्हणजे घर झाडलं असं नाही."

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

ती इमेजचे थर एकेक करून सोडवायला लागली. नववा, आठवा, सातवा. सहाव्या थरात 'कच्चा' होता. पाचशे फाइली.

केरसुणी उठली, पर्स उचलून म्हणाली, "मी खाली आहे, काका." आणि गेली.

काकांनी हेडफोन लावले. सातशे सत्त्याहत्तर तिथे नव्हतं, असणारच नव्हतं. पहिली आवृत्ती पाचशेपर्यंतची. पण सत्त्याहत्तर होतं, एकशे सत्त्याहत्तर होतं. काकांनी ती एकेक लावली. बायको कुठेच अडखळली नाही. चारशे सत्त्याहत्तर तर तिने असं म्हटलं की मुलांना पाढा म्हणून दाखवावा. काका वैतागले. म्हणाले, "एवढं स्वच्छ बोलायला कोणी सांगितलं होतं?"

मग त्यांनी पहिल्यापासून लावलं.

"दोनशे चार. दोनशे पाच. अहो, ते दार."

लांबून काकांचाच आवाज, "काय झालं दाराला?"

"करकरतंय. तुम्ही आत-बाहेर करता आणि ते माझ्या नंबरात येतं. तेल घाला त्याला."

"घालतो उद्या."

"दोनशे सहा. उद्या म्हणे. दोनशे सात."

तीनशे बाराला परत दार करकरलं. "अहो! तेल घातलंत का?" "राहिलं गं." "तुम्ही ना, एक काम सांगावं तर..." मग मोठा श्वास, आणि एकदम शाळेतला आवाज, "तीनशे तेरा." चारशे चाळीसला तर तिने नंबर अर्धवट सोडून सगळी यादीच वाचली. दार, नळ, बाल्कनीतला दिवा, लेकीच्या पुस्तकांचं खोकं, आणि 'ऑफिसच्या सामानात घरचं सामान ठेवू नका, हे सगळं एकीकडे वेगळं काढून ठेवा, एक दिवस गोंधळ होईल.' शेवटी म्हणाली, "हे कापा हं. नाहीतर कचेरीत वाजेल."

हसणं नाही मिळालं. साडेतीन तासांचं वैतागणं मिळालं.

काकांनी पाचशेच्या पाचशे फाइली बिल्डच्या फोल्डरबाहेर, तीन वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवल्या आणि लेकीला पाठवल्या. सोबत लिहिलं, 'सातशे सत्त्याहत्तर गेलं. माझी चूक. हे आहे.' संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, ही बरोबर आई आहे." आणि मग, "तेल घातलंत का हो?"

"घालतो," काका म्हणाले, आणि 'उद्या' हा शब्द त्यांनी गिळला.

सोमवारी केरसुणीने स्क्रिप्ट बदलली. आता ती काहीही उडवण्याआधी माणसाला नाव वाचून दाखवते आणि 'हो' म्हटल्याशिवाय हलत नाही. नोंदणी कचेरीला काकांनी नवी, हलकी इमेज स्वतः नेऊन बसवून दिली. चार मिनिटांत झालं. बाई म्हणाल्या, आवाज तोच आहे ना, मग चालेल.

पाचशे एकपासून नऊशे नव्याण्णवपर्यंतचं मधलं बोलणं मिळालेलं नाही, आणि ते कुठे मिळेल असं ठिकाणही उरलेलं नाही. झोपायच्या खोलीचं दार करकरतं. त्याला तेल घालायचं राहिलं आहे.